गुरुवारी पाहुणे, रविवारी बंधारा: क्लबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पहिले दोन-तीन महिने पदग्रहण, वह्यावाटप आणि वृक्षारोपणात जातात. मग दसऱ्याच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या क्लबचे अध्यक्ष नव्या सभासदाकडे वळून म्हणतात, "यंदाचा बंधारा तुम्ही बघा की." त्याला चिकटून दुसरं काम येतं: "आणि पाण्यावर बोलायला कुणीतरी चांगले पाहुणे आणा."

ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे देऊ नका. पाण्यावरचं व्याख्यान एका महिन्यात आणि श्रमदान दुसऱ्या महिन्यात झालं, की व्याख्यानाला टाळ्या मिळतात आणि श्रमदानाला आठ माणसं येतात, त्यातली तीन फोटो काढायला. जो माणूस सभेत बोलणार, त्यानेच आधी नाला पाहिलेला असावा आणि रविवारी तो नाल्यात उभा असावा, हे जमलं तर बाकीचं बरंच सोपं जातं. पुढची सगळी मांडणी त्याच हिशेबाने केली आहे. रोटरीऐवजी लायन्स असो की गावातलं एखादं मंडळ, पद्धत तीच.

बंधारा म्हणजे इथे वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात घातलेली तात्पुरती आडभिंत. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेच्या कामातून हे नाव रूढ झालं. कोकणात याच कुळातल्या बांधाला कच्चा बंधारा म्हणतात. पाऊस संपल्यावर ओढ्यात जी बारीक धार उरते ती अडवायची, विहिरींना थोडं जास्त पाणी मिळू द्यायचं, आणि पुढच्या पावसाआधी तो काढून टाकायचा. एवढंच त्याचं आयुष्य.

तारीख आधी, बाकी सगळं नंतर

मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. सप्टेंबरअखेरीस घातलेला बंधारा परतीच्या पावसाच्या एका तडाख्यात वाहून जातो आणि गोण्या दोन किलोमीटर खाली बाभळीला लटकलेल्या दिसतात. उलट डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर अडवायला धारच उरत नाही. म्हणजे हातात ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर.

त्यातही गावाचं कॅलेंडर बघा, क्लबचं नव्हे. सोयाबीनची काढणी, मावळात आणि कोकणात भातकापणी, दिवाळी, ऊसतोडीला निघणारी कुटुंबं, आठवडी बाजाराचा वार. ज्या रविवारी मळणीयंत्र शिवारात फिरतंय त्या रविवारी गावातून एकही माणूस येणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बहुतेक गावांत दिवाळीनंतरचा पहिला किंवा दुसरा रविवार बरा पडतो. तारीख सरपंचांना विचारून ठरवा आणि मग क्लबला सांगा. नेमकं उलट करण्याची खोड सगळ्या क्लबांना असते.

श्रमदानाचा रविवार ठरला की त्याच्या दहा दिवस आधीचा गुरुवार (किंवा तुमच्या सभेचा जो वार असेल तो) पाहुण्यांसाठी धरा. दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर भाषणाची ऊब जाते. तीन दिवसांचंच ठेवलं तर गोण्या जमत नाहीत.

नाला निवडणं

हे काम सभासदांनी गाडीतून उतरून, काठावर उभं राहून करायचं नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून त्या गावाचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) कोण ते विचारा आणि त्यांच्यासोबत ओढ्याच्या पात्रातून चाला. पाहायच्या गोष्टी अशा:

पात्राची रुंदी पाच ते आठ मीटर. याहून रुंद असेल तर एका सकाळी काम उरकत नाही. दोन्ही काठ घट्ट आणि किमान दीड मीटर उंच, म्हणजे मीटरभर पाणी साठलं तरी शेजारच्या शेतात जाणार नाही. पात्राचा उतार कमी असावा. तळाशी मुरूम किंवा खडक लवकर लागावा. निव्वळ वाळूच्या तळावर बंधारा उभा राहतो खरा, पण पाणी त्याच्या खालून निघून जातं. वळणावर बंधारा घालू नका, कारण प्रवाह बाहेरचा काठ पोखरतो. आणि जवळपास विहिरी हव्यात, नाहीतर साठलेलं पाणी कुणाच्या उपयोगाला?

उताराचं महत्त्व एका साध्या हिशेबाने कळतं. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल आणि बंधारा एक मीटर उंच असेल, तर पाणी मागे शंभर मीटरपर्यंत फुगतं. पात्र सहा मीटर रुंद धरलं तर १०० × ६ × ०.५ म्हणजे ३०० घनमीटर, तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर. शिवाय वरून धार चालू आहे तोवर जिरलेलं पाणी भरून निघत राहतं. उतार दुप्पट असेल तर साठा निम्मा. हा हिशेब पाहुण्यांनाच सभेत फळ्यावर करून दाखवायला सांगा, लोकांच्या डोक्यात बसतो.

जागा ठरली की ग्रामपंचायतीला पत्र द्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेता आला तर उत्तम. ओढा वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी अशी जागा टाळलेलीच बरी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी आधी बोला. "आमचं पाणी अडवलं" हा वाद बंधारा झाल्यावर दुसऱ्या रात्री उभा राहतो आणि सकाळी मधल्या चार गोण्या गायब असतात. सांडवा ठेवणार आहोत, भरल्यावर जादाचं पाणी खाली येतच राहणार, हे त्यांना ओढ्याच्या काठावर बसून सांगा. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत.

पाहुणे कोण, आणि त्यांना बोलवायचं कसं

चांगले वक्ते तीन ठिकाणी सापडतात. तालुका कृषी अधिकारी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातले भूवैज्ञानिक. आणि तिसरा, बहुतेक वेळा सगळ्यांत सरस ठरणारा: शेजारच्या गावातला एखादा शेतकरी किंवा सरपंच, ज्याने स्वतः पाच-सात वर्षं बंधारे घातलेत. भूवैज्ञानिक आपल्या काळ्या बेसाल्टच्या खडकात पाणी कुठल्या भेगांत आणि मुरमाच्या थरात मुरतं ते सांगतील. पण गोणी कशी फुटते ते शेतकरी सांगेल. शेतकऱ्याला बोलावलंत तर साहेबांना जी खुर्ची, जो वेळ आणि जो हार, तोच त्यालाही. जाण्यायेण्याचं पेट्रोल पाकिटात घालून आधीच द्या. तो स्वतःहून मागणार नाही.

फोन तीन आठवडे आधी करा. फोनवर होकार आला की त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. साधारण असा:

"नमस्कार साहेब. ठरल्याप्रमाणे गुरुवार, दि. … रोजी सायं. ७.३० वा. आमच्या साप्ताहिक सभेत आपलं मार्गदर्शन हवं आहे. विषय: वनराई बंधारा, जागा आणि बांधणी. बोलण्यासाठी २५ मिनिटं, त्यानंतर १० मिनिटं प्रश्न. श्रोते साधारण ४५, त्यात निम्मे व्यापारी आणि डॉक्टर. शेतीची माहिती बेताची. प्रोजेक्टर आहे. त्याआधी सोयीच्या एका सकाळी आपल्यासोबत नाला पाहायला यायचं आहे. आणायला गाडी पाठवू का, तेवढं कळवावं."

श्रोते कोण आहेत हे लिहिणं विसरू नका. नाहीतर साहेब योजनांची आकडेवारी वाचून दाखवतात आणि कापडाचे व्यापारी घड्याळाकडे बघत बसतात. उपवासाचा वार आहे का आणि जेवणात काय चालत नाही, हेही आत्ताच विचारून घ्या.

अधिकारी बोलावताना एक धोका असतो: निवडणुकीची आचारसंहिता. या हंगामात ती लागण्याची शक्यता असते, आणि लागली की अधिकारी जाहीर कार्यक्रमाला येताना शंभरदा विचार करतात. म्हणून दुसरं नाव मनात पक्कं ठेवा आणि त्या व्यक्तीला प्रामाणिकपणे सांगा, "साहेबांचं जमलं नाही तर तुम्हाला त्रास देणार." आदल्या दिवशी फोन करून बदली वक्ता पकडणं दोघांच्याही मानाला शोभत नाही.

परिचयासाठी पाच ओळी त्यांच्याकडूनच मागवा. नावाचा उच्चार, आडनाव आणि पद विचारून घ्या. 'प्रभारी' हा शब्द आहे की नाही ते त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. परिचय दीड मिनिटात संपला पाहिजे. चार पानी जीवनवृत्त वाचून दाखवणारा परिचयकर्ता वक्त्याची दहा मिनिटं खातो आणि ती परत मिळत नाहीत.

सभेचा दिवस

पाऊण तास आधी सभागृहात पोहोचा. पहिलं काम पीपीटी उघडून बघण्याचं. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या पाट्या क्लबच्या लॅपटॉपवर उघडल्या की 'पाणलोट'च्या जागी चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची जत्रा दिसते. त्यावर उपाय एकच: वक्त्यांना त्यांच्याच संगणकावर पीडीएफ करून आदल्या रात्री पाठवायला सांगायचं. प्रोजेक्टरला एचडीएमआयची वायर लागते की जुनी निळ्या तोंडाची व्हीजीए, ते पाहा आणि जोडणारा तुकडा खिशात ठेवा. कॉर्डलेस माइकचे सेल नवे घाला, जुने बरोबर भाषणाच्या विसाव्या मिनिटाला मान टाकतात. फळा आणि खडू ठेवाच, वीज गेली तरी तेवढ्यावर काम चालतं.

क्रम साधारण ठरलेला असतो. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात, राष्ट्रगीत होतं, सचिव सूचना वाचतात, वाढदिवसांच्या टाळ्या, मग परिचय, भाषण, प्रश्न, आभार, पुन्हा घंटा आणि जेवण. वेळ खाणारी जागा म्हणजे मधले सत्कार. शाल-श्रीफळ एकदाच, वक्त्यांना, तेही भाषणाच्या आधी. व्यासपीठावरच्या सातही जणांना पुष्पगुच्छ द्यायचं ठरवलंत तर साडेसातची सभा सव्वाआठला विषयावर येते. अध्यक्षांना हे आधी एकांतात सांगा. सगळ्यांसमोर माइकवरून सांगितलंत तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे काही येणार नाही (काहींना तेच हवं असतं म्हणा).

आता या सभेतला खरा कळीचा क्षण. प्रश्न संपले, आभाराला कुणी उठायच्या आत, एक कागद फिरायला लागला पाहिजे. त्यावर रकाने: नाव, रविवारी येणार का, सोबत किती जण, किती रिकाम्या गोण्या आणाल, गाडी आणणार का, पाठ-कंबरेचा त्रास आहे का. जेवणानंतर फिरवलेला कागद निम्मा कोरा परत येतो. आणि ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारून मिळालेल्या अंगठ्यांवर विसंबू नका. अंगठा दाखवलेल्यांपैकी निम्मे आले तरी नशीब. कागदावर सही केलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश धरायला हरकत नाही.

आभार मानणाऱ्याने भाषणाचा गोषवारा पुन्हा सांगायचा नसतो. दोन वाक्यं आभाराची आणि तिसरं वाक्य: "साहेब रविवारी सकाळी साडेसातला नाल्यावर असणार आहेत, आपणही यावं."

गोण्यांचा हिशेब

सिमेंटची पन्नास किलोची गोणी दोन-तृतीयांश मातीने भरून, तोंड शिवून आडवी टाकली की साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १२ जाड बसते. वजन ३५ ते ४० किलो. भरायला अडीच-तीन घमेली लागतात.

सहा मीटर रुंद ओढा आणि एक मीटर उंची धरू. गोणीची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवायची, म्हणजे एका ओळीत १५ गोण्या येतात. खालचे तीन थर तीन ओळींचे: १३५. मधले तीन थर दोन ओळींचे: ९०. वरचे दोन थर एका ओळीचे: ३०. एकूण २५५. काठात घुसवायच्या, फाटणाऱ्या आणि ऐनवेळी ठिगळाला लागणाऱ्या धरून ३०० जमवा. सगळी मिळून दहा-बारा टन माती हलते, हा आकडा सभासदांना आधीच सांगा म्हणजे पांढरे कपडे घालून कुणी येत नाही.

गोण्या जमवताना नवख्यांची फसगत ठरलेली. बांधकामावरचा गवंडी गोणी तोंडाकडून उघडत नाही, फावड्याने मधोमध कापतो. अशा गोण्या ढिगाने मिळतात आणि एकही कामाची नसते. म्हणून दोन-तीन ठेकेदारांना दहा दिवस आधी सांगून ठेवायचं: "गोणी एका टोकाला उघडा, मधून कापू नका." क्लबमध्ये एखादे बिल्डर किंवा सिमेंटचे व्यापारी असतातच, कागदावर सर्वांत मोठा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या. कमी पडल्या तर भंगारवाल्याकडे मिळतात, पण प्रत्येक गोणी उजेडाकडे धरून बघून घ्या. वर्षभर उन्हात पडलेली गोणी हाताला चुरचुरते आणि उचलताना फाटते. आणलेल्या गोण्या मोकळ्यावर, तोंडाला रुमाल बांधून झटका. सिमेंटची धूळ घामावर बसली की कातडी जळजळते.

पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून शनिवारी मोजा. "येतील हो, भरपूर आहेत" हे उत्तर ऐकलं की समजा १२० आहेत.

बाकी सामान चाळीस माणसांसाठी: फावडी १२, घमेली २५, कुदळी ६, पहारी २, दाभणं १२, लाइनदोरी, मोजपट्टी, आखायला फक्की, जाड हातमोजे ४० जोड. सुतळी गोणीमागे मीटरभर लागते. चारशे मीटर घ्या आणि आदल्या रात्रीच मीटरचे तुकडे कापून ठेवा. नाल्यावर सुतळीचा गुंडा सोडवत बसलेला माणूस म्हणजे थांबलेली तुकडी. फावडी-कुदळी गावातून निम्म्या मिळतील, पण विचारून आणि प्रत्येक फावड्यावर रंगाची खूण करून. दुसऱ्याचं फावडं हरवलं तर पुढच्या वर्षी गाव उभं करत नाही.

शनिवार

चार माणसं आणि सहायक कृषी अधिकारी एवढे पुरे. लाइनदोरी बांधून फक्कीने बंधाऱ्याची जागा आखा, प्रवाहाला काटकोनात. त्या पट्ट्यातला गाळ, दगडगोटे आणि मुळ्या काढून फूटभर खोल, मुरूम लागेपर्यंत चर खणा. दोन्ही काठांत अर्धा मीटर आत जाईल अशी खाच पाडा. या खाचा कंटाळून सोडल्या जातात आणि नेमका तिथूनच बंधारा तुटतो: पाणी गोण्यांतून जात नाही, काठ कुरतडून बाजूने वाट काढतं.

मातीसाठी जागा वरच्या अंगाला, बंधाऱ्यापासून तीन मीटर सोडून आणि दहा-पंधरा मीटरच्या आत आखा. पात्रातला गाळच भरायचा, म्हणजे खड्डा होऊन साठाही वाढतो. काठाची माती उकरू नका. कुदळीने आदल्या दिवशीच भुसभुशीत करून ठेवली तर रविवारचा एक तास वाचतो. धार मोठी असेल तर वर आठ-दहा गोण्यांची छोटी आडवण घालून पाणी एका बाजूने वळवा. बंधाऱ्यातून पाइप घालून पाणी काढायची युक्ती काही जण सांगतील. पाइप शेवटी बुजवला तरी त्याच्या कडेने गळती राहते, म्हणून पहिल्या खेपेला ती नकोच.

कुणीतरी म्हणेल, जेसीबी लावा की, तासाभरात होईल. चर खणायला लावायला हरकत नाही. पण बंधारा त्याने उभा केला तर तो क्लबचा बंधारा होतो, गावाचा होत नाही, आणि जानेवारीत गळती बुजवायला कुणी फिरकत नाही.

रविवार

साडेसातला काम सुरू व्हायला हवं असेल तर निघण्याची वेळ साडेसहा सांगा. पोहे नाल्यावरच, चाळीस माणसांना चार किलो पोहे पोटभर होतात. उद्घाटन ठेवायचंच असेल तर नारळ फोडा आणि पहिली गोणी पाहुण्यांच्या हातून ठेवा, माइक नको.

माणसं अशी वाटा. चौघांची एक तुकडी: एक गोणीचं तोंड धरणार, एक फावड्याने घमेली भरणार, एक ओतणार, एक शिवणार. अशा सात तुकड्या, म्हणजे २८ जण. आठ जण जोडीजोडीने गोण्या उचलून रचणार. चौघं चिखल तुडवायला आणि फटी भरायला. प्रत्येक तुकडीत गावातला निदान एक माणूस हवा, शहरातल्या चौघांची तुकडी केली तर अर्ध्या तासात चौघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात. एक तुकडी तासाला चौदा-पंधरा गोण्या भरते, त्यामुळे तीन-सव्वातीन तासांत तीनशे होतात. तुकड्या साडेदहानंतर मंदावतात, हे धरूनच चला.

गोणी किती भरायची यावर प्रत्येक वर्षी भांडण होतं. पूर्ण भरलेली गोणी ढोलासारखी गोल होते, शेजारच्या गोणीशी टेकत नाही आणि दोघींच्या मधून पाणी सरळ जातं. दोन-तृतीयांश भरलेली गोणी टाकल्यावर पसरते आणि खालच्या गोणीच्या अंगावर बसते. घमेली मोजून ओता, डोळ्यांनी ठरवू नका. तोंडाची घडी घालून दाभणाने पाच-सहा टाके आणि शेवटी गाठ. सुतळीने तोंड नुसतं आवळून बांधलं तर गोणीला शेंडी येते आणि तेवढी फट राहते.

रचताना गोणीचं शिवलेलं तोंड पाणी येतं त्या बाजूला, घडी खाली दाबून. दुसरा थर पहिल्याच्या सांध्यावर, वीटकामात सांधा मोडतात तसा. प्रत्येक थरावर नाचून गोण्या बसवायच्या, पोरांना या कामाला लावा, ती खुशीने करतात. दोन ओळींच्या मधल्या फटींत काळी चिकण माती ओली करून तुडवून भरा. ही माती फुगते आणि फट धरते. बंधारा दर तीन थरांना एक ओळ आत घेत जायचा, खालच्या अंगाला पायऱ्या पाडत. पाण्याकडची बाजू सरळ राहू द्या आणि तिथे जाड पॉलिथिनचा कागद लावायचा असेल तर त्याचं खालचं टोक चरात फूटभर पुरा. नुसता लोंबता कागद पहिल्या वाऱ्यात फडफडायला लागतो.

सांडवा विसरू नका. वरच्या थरात मधल्या दोन मीटरमध्ये एक थर कमी ठेवायचा, म्हणजे भरल्यावर पाणी मधूनच सांडेल. दोन्ही टोकं मध्यापेक्षा उंचच असली पाहिजेत. आणि सांडणारं पाणी जिथे पडणार तिथे मोठे दगड पसरा, नाहीतर तिथे डोह पडून बंधाऱ्याचा पाया उघडा होतो. दमलेली माणसं या टप्प्यावर जेवणाकडे बघायला लागतात. म्हणून दगड आणून ठेवायचं काम सकाळीच, ताज्या दमात उरकून घ्या.

दगड उचलताना हात आधी घालायचा नाही, पहारीने उलटवायचा. ऑक्टोबरच्या उन्हात दगडाखाली विंचू आणि फुरसं असतं. चपला चालणार नाहीत, बूट हवेत. पट्टी, मलम, ओआरएसची पाकिटं एका डब्यात, माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी, आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या आरोग्य केंद्रात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. माणसाला चालू न देता १०८ ला फोन किंवा सरळ गाडीत घालून तिथे. साठीच्या पुढच्या सभासदांना सुतळी, दाभण आणि मोजणी द्या. "आम्हीही उचलू" म्हणणारे एक-दोघं असतातच, त्यांना गोण्यांची नोंदवही द्या. मान राहतो आणि कंबरही.

जेवण गावातल्या बचत गटाकडून घ्या: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. माणशी दोन-अडीच भाकरी, आणि संख्या गावकऱ्यांना धरून सांगा. पैसे त्याच दिवशी, हातात. बॅनर धरून फोटो काढायचा तो जेवणाआधी, बंधारा मागे दिसेल असा. सभासदांच्या खांद्यांमागे बंधारा झाकलेल्या फोटोंनी क्लबांचे अहवाल भरलेले असतात.

त्यानंतर

पहिल्या दिवशी बंधारा थोडा गळतोच. घाबरू नका, दोन-तीन दिवसांत बारीक गाळ फटींत बसतो. आठ दिवसांनीही खालून स्वच्छ पाण्याचा झरा वाहत असेल तर पाणी चराखालून जातंय. पाण्याकडच्या पायथ्याला चिकण मातीचा ढीग घालून तुडवा. झरा गढूळ असेल तर ते वाईट लक्षण: माती सोबत निघतेय, त्याच दिवशी जायला हवं. टोकाशी काठ ओला होऊन खचत असेल तर तिथे सहा-आठ गोण्या वाढवा. यासाठी वीस भरलेल्या गोण्या काठावर मागे ठेवूनच रविवारी निघायचं, आणि कुणाला फोन करायचा ते गावातल्या एका माणसाला सांगून ठेवायचं.

बंधाऱ्याजवळ दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारलेली एक काठी पुरा. जवळच्या दोन विहिरींत काठापासून पाणी किती खोल आहे ते बंधारा घालण्याआधी दोरीने मोजलेलं हवं, मग दर पंधरवड्याला पुन्हा. शाळेतल्या मुलांना हे काम आवडतं. मार्चमध्ये हे आकडे घेऊन त्याच पाहुण्यांना सभेत पुन्हा बोलवा. यावेळी परिचय लागणार नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दहा माणसं पुन्हा लागतात, आणि तेव्हा फोटोला काही नसल्यामुळे ती मिळवणं सगळ्यांत अवघड जातं. गोण्या प्लॅस्टिकच्या धाग्याच्या असतात. सात महिने ऊन खाऊन त्यांचा भुगा व्हायला लागतो, आणि पहिल्या पुरात तो भुगा खालच्या शेतात आणि गुरांच्या पोटात जातो. गोण्या कापून माती पात्राबाहेर काढा, गाळ कुणाला शेतात हवा असेल तर देऊन टाका, फाटक्या गोण्यांचे गठ्ठे बांधून भंगारात घाला. जून उजाडायच्या आत ओढा मोकळा. म्हणून कागद फिरवायच्या त्या गुरुवारीच आणखी एक रकाना आखून ठेवा: 'मेमध्ये येणार का?'